प्रोग्रॅमिंगच्या मासिकाची वर्गणी भरण्यापूर्वी

संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी ‘गो टू’ (प्रोग्रॅमला एका ओळीवरून थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणारी आज्ञा) हिच्या वापराविरुद्ध लिहिलेले टिपण ‘एसीएम’ या संगणक व्यावसायिकांच्या संघटनेच्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकाकडे पाठवले, तेव्हा त्याचे मूळ शीर्षक बरेच सौम्य होते. संपादनाची जबाबदारी सांभाळणारे निकलाउस विर्थ यांनी ते लेखांच्या रांगेत न ठेवता ‘संपादकांस पत्र’ म्हणून लवकर छापले आणि शीर्षक बदलून ‘गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल’ असे केले. मार्च १९६८ च्या अंकातील त्या पत्राने प्रोग्रॅम कसा लिहावा याविषयी मोठा वाद उभा केला. मजकूर डायक्स्ट्रा यांचाच होता. मात्र तो केव्हा, कोणत्या रूपात आणि कोणत्या मथळ्याखाली वाचकांसमोर यावा, हे संपादकाने ठरवले.

नवख्या वाचकाने वर्गणीचा विचार करताना हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण नुसती माहिती आज पैसे न मोजताही मिळते. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांची अधिकृत कागदपत्रे सर्वांना खुली असतात आणि शिकवणाऱ्या चित्रफितींचा तर पूर आलेला आहे. मासिकाला आपण पैसे देतो ते कोणीतरी जाणत्या माणसाने आपल्यासाठी निवड केली, लेखकाला त्याचा लेख दोनदा परत पाठवला, त्यातला कोड चालवून पाहिला आणि फुटकळ मजकूर बाहेर ठेवला, याबद्दल. त्यामुळे पुढे सांगितलेली सगळी पडताळणी फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी येते: या मासिकाचा संपादक खरोखर काम करतो का?

पहिली पायरी: आपली गरज एका वाक्यात लिहावी

‘मला प्रोग्रॅमिंगमध्ये पुढे जायचे आहे’ हे वाक्य या कामी निरुपयोगी आहे. ‘पुढील सहा महिन्यांत मला पायथनमध्ये लहान वेब ॲप्लिकेशन तयार करून ते सर्व्हरवर चालवता आले पाहिजे’ किंवा ‘मी रोज सी प्लस प्लसमध्ये काम करतो आणि भाषेची नवी मानके मला समजून घ्यायची आहेत’, अशा स्वरूपाचे वाक्य लिहिले, तर अर्धी निवड तिथेच होते. पहिल्या माणसाला प्रत्यक्ष कृती शिकवणारे मासिक लागेल, दुसऱ्याला त्याच व्यवसायातील लोकांनी एकमेकांसाठी चालवलेले नियतकालिक.

येथे एक अप्रिय सल्ला द्यावासा वाटतो. ज्याने अद्याप शंभर ओळींचा एकही प्रोग्रॅम स्वतःच्या हिमतीवर लिहून चालवलेला नाही, त्याने वर्गणी भरू नये. मासिक हे क्रमिक पुस्तक नसते. त्यातला प्रत्येक लेख वाचकाला काहीतरी आधीच येते असे धरून चालतो, आणि ते ‘काहीतरी’ प्रत्येक लेखात निराळे असते. अशा वाचकाने आधी एखादे चांगले पुस्तक शेवटपर्यंत करावे आणि मासिकाकडे सहा महिन्यांनी वळावे; मासिक तोवर कुठे पळून जात नाही. क्वचित जाते, पण त्याविषयी पुढे.

मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. या विषयातील जवळजवळ सर्व मासिके इंग्रजीत आहेत. निवडलेल्या मासिकातले एक पान घ्यावे, ते सावकाश वाचावे आणि मग न पाहता त्याचा आशय चार मराठी वाक्यांत लिहून पाहावा. लिहिता आला, तर अडलेले शब्द कोशात मिळतील, काळजीचे कारण नाही. लिहिता आला नाही, तर अडचण भाषेची आहे की विषयाची, हे तेवढ्यात लक्षात येते आणि त्याप्रमाणे सोपे मासिक किंवा आधीची तयारी निवडता येते.

दुसरी पायरी: मासिकाची जात ओळखावी

रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर ‘संगणक’ या खात्यात जे काही टांगलेले असते, ते सगळे प्रोग्रॅमिंगचे नसते. मोबाइल, लॅपटॉप, प्रिंटर यांची परीक्षणे आणि खरेदीचे सल्ले देणारी मासिके ही वेगळी जात आहे. ‘पीसी क्वेस्ट’ आणि ‘डिजिट’ या भारतीय मासिकांनी एके काळी अंकासोबत सीडी देऊन कित्येक घरांत लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आणि इतर मोफत सॉफ्टवेअर पोचवले. ज्या काळात डायल-अपवर एखादी मोठी फाइल उतरवायला रात्र जागवावी लागत असे, त्या काळात ही सेवा लहान नव्हती. तरीही त्यांचा मुख्य वाचक संगणक वापरणारा आहे, प्रोग्रॅम लिहिणारा नव्हे. ती मासिके घ्यावीत, पण कशासाठी घेतो आहोत ते समजून घ्यावीत.

प्रत्यक्ष कोड छापणाऱ्या मासिकांची परंपरा जुनी आहे. ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ हे १९७६ साली कॅलिफोर्नियात निघाले ते ‘टायनी बेसिक’ या लहानशा भाषेचा मजकूर लोकांपर्यंत पोचवण्यासाठी, आणि मुळात ते तीनच अंकांपुरते काढायचे ठरले होते. वाचक अंकातला कोड टाइप करून घेत आणि चुका कळवत, त्यामुळे अंक निघतच राहिले. आज भारतात या परंपरेच्या सर्वांत जवळचे नाव म्हणजे दिल्लीहून निघणारे ‘ओपन सोर्स फॉर यू’. २००३ साली ‘लिनक्स फॉर यू’ या नावाने ते सुरू झाले. भारतीय विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत लिनक्स, डेटाबेस, क्लाउड आणि विविध भाषांवरचे लेख त्यात मिळतात. लेखक पुष्कळ आणि निरनिराळ्या तयारीचे असल्यामुळे लेखांचा दर्जा एकसारखा राहत नाही, असे माझे मत आहे. परंतु महाविद्यालयीन वाचकाला सुरुवात करण्यासाठी ते रास्त आहे.

तिसरी जात व्यावसायिक संस्थांच्या नियतकालिकांची. ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ १९५८ पासून निघते. पूर्वी ते मुख्यतः सभासदांपुरते होते. २०२४ पासून त्याचा मजकूर सर्वांना खुला करण्यात आला, तेव्हा केवळ वाचण्यासाठी सभासद होण्याची गरज उरलेली नाही. ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संघटनेचे ‘आयईईई सॉफ्टवेअर’ हे द्वैमासिक १९८४ पासून चालू आहे आणि त्याचा भर सॉफ्टवेअर बांधण्याच्या पद्धती, चाचणी, रचना यांवर असतो. नोकरीत तीन-चार वर्षे काढलेल्या माणसाला त्यात जे दिसते, ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दिसणार नाही. त्याने घाई करू नये. आपल्याकडे ‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’ ही १९६५ साली स्थापन झालेली संस्था सभासदांसाठी ‘सीएसआय कम्युनिकेशन्स’ काढत आली आहे.

चौथी जात मला व्यक्तिशः सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, ती म्हणजे वापरणाऱ्यांनीच चालवलेली नियतकालिके. सी आणि सी प्लस प्लसच्या वापरकर्त्यांची ‘एसीसीयू’ नावाची संघटना ‘ओव्हरलोड’ हे द्वैमासिक काढते. ते कोणालाही फुकट वाचता येते, आणि लेख छापण्यापूर्वी जाणकारांचे एक मंडळ तो तपासते. ‘पेज्ड आउट’ हे २०१९ पासून निघणारे मोफत नियतकालिक प्रत्येक लेखाला बरोबर एक पान देते. एका पानात काय सांगून होणार, असे वाटते खरे. पण पान संपत आले की लेखक पाल्हाळ आपोआप टाळतो, हा त्याचा गुण आहे. लिनक्सच्या गाभ्यात काय चालले आहे हे समजून घ्यायचे असेल, तर १९९८ पासून चालणारे ‘एलडब्ल्यूएन’ हे साप्ताहिक पाहावे. वर्गणीदारांना त्यातला मजकूर आधी मिळतो आणि साधारण आठवडाभराने तो सर्वांसाठी खुला होतो. आठवडाभर थांबायची तयारी असेल, तर ते फुकट आहे. आणि सलग दोन महिने फुकट वाचल्यानंतर पैसे द्यावेसे वाटले, तर ती वर्गणी चुकणार नाही.

याशिवाय एखाद्या कंपनीने स्वतःच्या तंत्रज्ञानासाठी काढलेली मासिके असतात. त्यांत चुका कमी असतात, कारण लिहिणारे घरचेच असतात; परंतु ‘हे तंत्रज्ञान या कामासाठी योग्य नाही’ हे वाक्य तिथे सापडणे दुर्मीळ. रास्पबेरी पाय या लहान संगणकाचे अधिकृत मासिक, ज्याची सुरुवात २०१२ साली ‘द मॅगपाय’ या नावाने हौशी मंडळींनी केली, ते या वर्गात असूनही शाळकरी मुलांसाठी आणि छंद म्हणून उपकरणे बनवणाऱ्यांसाठी उत्तम आहे. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांनी मात्र त्याच घराण्यातले ‘हॅलो वर्ल्ड’ पाहावे. ते शिक्षकांसाठीच आहे आणि डिजिटल स्वरूपात मोफत मिळते.

तिसरी पायरी: तीन जुने अंक मिळवावेत

ताजा अंक पाहून वर्गणी भरणे म्हणजे लग्नातला फोटो पाहून माणसाविषयी मत बनवणे. एक ताजा, एक साधारण वर्षापूर्वीचा आणि एक तीन वर्षांपूर्वीचा, असे तीन अंक मिळवावेत. बहुतेक प्रकाशक एखादा नमुना अंक देतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मागील अंकांचे गठ्ठे असतात. पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत फोर्टच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांसोबत जुनी मासिकेही हाताला लागतात. बंद पडलेल्या परदेशी मासिकांचे स्कॅन ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर मोठ्या प्रमाणावर आहेत. ते वर्गणीसाठी उपयोगाचे नाहीत, पण चांगला अंक कसा दिसतो याचा अंदाज त्यांवरून येतो.

अंक हातात आल्यावर प्रथम अनुक्रमणिका काढावी आणि पेन्सिल घ्यावी. पहिल्या पायरीत लिहिलेल्या वाक्याशी ज्या लेखाचा थेट संबंध आहे, त्याच्यासमोर बरोबरची खूण, ज्याविषयी कुतूहल आहे, त्याच्यासमोर टिंब, बाकीचे रिकामे. तिन्ही अंकांत मिळून बरोबरच्या खुणा पाच-सहासुद्धा नसतील, तर ते मासिक कितीही नावाजलेले असले तरी तूर्त आपले नव्हे.

त्यानंतर संपादकाचा माग काढावा. याच्या खुणा ठरलेल्या असतात. वाचकांच्या पत्रांचे सदर आहे का, आणि त्यात केवळ ‘अंक आवडला’ अशी पत्रे आहेत की कोणी एखाद्या लेखाचे म्हणणे खोडून काढले आहे? मागच्या अंकातील चुकांचे शुद्धिपत्र छापले आहे का? शुद्धिपत्र पाहून नवखा वाचक बिचकतो, वास्तविक ते चांगले लक्षण आहे. कोड छापणाऱ्या मासिकात वर्षभरात एकही दुरुस्ती नसेल, तर चुका झाल्या नाहीत असा अर्थ होत नाही. कोणी पाहिल्या नाहीत किंवा कोणी कबूल केल्या नाहीत, असा होतो. लेखकाच्या नावाखाली त्याचे काम सांगितलेले आहे का? एखाद्या कंपनीच्या उत्पादनावरचा लेख त्याच कंपनीच्या विक्री विभागातील माणसाने लिहिलेला असेल आणि पुढच्याच पानावर तिची पूर्ण पानभर जाहिरात असेल, तर हा योगायोग तिन्ही अंकांत किती वेळा घडतो, तेही मोजावे. जाहिराती असणे हा दोष नाही, त्यांच्यावरच मासिके चालतात. जाहिरात आणि लेख यांतली भिंत पडलेली असणे हा दोष आहे.

भारतीय नियतकालिकाच्या बाबतीत आणखी एक जागा पाहता येते. मार्चच्या सुमारास निघणाऱ्या अंकात ‘फॉर्म ४’ या मथळ्याखाली मालक, प्रकाशक, मुद्रक आणि संपादक यांची नावे छापण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे. आपण ज्याला पैसे पाठवणार आहोत, तो कोण हे तिथे कळते.

चौथी पायरी: एक लेख संगणकावर बसून करावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. वर्षापूर्वीच्या अंकातला आपल्या आवाक्यातला एक लेख निवडावा, रविवारची सकाळ मोकळी ठेवावी आणि लेखात सांगितले आहे तसे, त्याच क्रमाने, एकही पायरी मनाने न भरता करून पाहावे. लेखात सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगितलेली आहे का, हे इथे पहिल्या पाच मिनिटांत कळते. ‘पायथन बसवा’ असे म्हणणारा लेख आणि कोणती आवृत्ती बसवावी हे सांगणारा लेख, यांत संपादकाचा फरक असतो.

शिळा मजकूर ओळखायला फार ज्ञान लागत नाही. पायथन २ या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला; त्यानंतरच्या अंकात ‘प्रिंट’ या शब्दापुढे कंस न घालता कोड छापलेला असेल, तर तो कोणी चालवून पाहिलेला नाही. वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेत ‘मायएसक्यूएल’ने सुरू होणारी, डेटाबेस हाताळणारी जुन्या धाटणीची फंक्शने डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. त्यानंतरच्या एखाद्या लेखात ती अद्याप शिकवलेली असतील, तर तो लेख कुठून तरी उतरवून घेतलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

चालणारा कोडही बरोबर असतोच असे नाही, याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी संख्या शोधण्यासाठी ‘बायनरी सर्च’ वापरतात. यादीचा मधला घटक पाहायचा, हवी असलेली संख्या त्याहून लहान असेल तर डावा अर्धा भाग घ्यायचा, मोठी असेल तर उजवा. मधली जागा काढण्यासाठी डाव्या आणि उजव्या टोकाचे क्रमांक मिळवून दोनने भागायचे, असे असंख्य लेखांत छापलेले असते आणि ते शाळेतल्या सरासरीइतके निरुपद्रवी दिसते. आता जावा या भाषेतील ३२ बिटांचा पूर्णांक घ्यावा. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. डावे टोक १५० कोटींवर आणि उजवे १६० कोटींवर असेल, तर बेरीज ३१० कोटी व्हायला हवी. पण ती मावत नाही, संख्या उलटते आणि बेरीज उणे १,१९,४९,६७,२९६ इतकी येते. तिला दोनने भागले की मधली जागा उणे ५९,७४,८३,६४८ ठरते. अशी जागा यादीत नसतेच, आणि प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. उपाय सोपा आहे: उजव्यातून डावे वजा करावे, त्याचे निम्मे करावे आणि ते डाव्यात मिळवावे. ही चूक खुद्द जावाच्या प्रमाण लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडच्या संचात, अनेक वर्षे राहिली होती. तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली तिच्याविषयी जाहीरपणे लिहिले, तेव्हा पुष्कळ अनुभवी लोकांनी आपापला जुना कोड उघडून पाहिला.

नवख्याने ही चूक स्वतः शोधावी अशी अपेक्षा नाही. परंतु मासिकात असा एखादा परिचित विषय आला असेल, तर लेखक मर्यादा सांगतो का, हे पाहता येते. यादी रिकामी असेल तर काय होईल, फाइल सापडली नाही तर काय, आकडा फार मोठा असेल तर काय, असा एखादा तरी परिच्छेद ज्या लेखात आहे, त्यामागे काम करणारा संपादक आहे असे समजायला हरकत नाही.

पाचवी पायरी: पैसे भरण्याआधी फुकटचे मार्ग संपवावेत

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा राज्य विद्यापीठात शिकणाऱ्यांनी प्रथम आपल्या ग्रंथपालांना भेटावे. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना तिच्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके वाचता येतात. त्या प्रकाशकांत आयईईई आहे. म्हणजे ज्या मासिकासाठी आपण डॉलरचा भाव पाहत बसलो होतो, ते महाविद्यालयाच्या लॉगिनवर आधीच उघडत असू शकते. खासगी महाविद्यालये योजनेच्या पहिल्या टप्प्यात नव्हती, पण त्यांची स्वतःची वर्गणी असते, आणि ती कोणी वापरत नाही अशी ग्रंथपालांची कायमची तक्रार असते.

गावात चांगले सार्वजनिक वाचनालय असेल, तर तिथल्या समितीकडे लेखी मागणी करता येते. पाच-सहा सभासदांनी मिळून अर्ज दिला, तर एखादे भारतीय मासिक सुरू होणे अशक्य नाही. परदेशी मासिकाचा आग्रह तिथे धरू नये.

सहावी पायरी: छापील की डिजिटल

छापील अंक झोपाळ्यावर बसून वाचता येतो आणि त्यावर पेन्सिल चालते, एवढ्या दोन कारणांसाठी मी तो पसंत करतो. परदेशी मासिक असेल, तर मात्र टपालखर्च अंकाच्या किमतीच्या जवळ जातो, कधी तिला मागेही टाकतो, आणि अंक पोचेपर्यंत त्यातली बातमी शिळी होते. भारतीय मासिक छापील आणि परदेशी मासिक डिजिटल, ही ढोबळ विभागणी बहुतेकांना सोयीची पडेल. छापील नियतकालिकावर जीएसटी नाही, डिजिटल वर्गणीवर तो लागतो, हेही किमतींची तुलना करताना धरावे.

डिजिटल घेताना एक प्रश्न लेखी विचारावा: वर्गणी संपल्यावर माझ्याकडे काय उरेल? पीडीएफ उतरवून घेता येत असेल, तर अंक आपला. केवळ ॲपमध्ये वाचता येत असेल, तर आपण अंक विकत घेत नसून भाड्याने घेत आहोत. दोन्ही चालेल, पण किंमत त्या हिशेबाने द्यावी.

दुसरी बाब कोडची. पीडीएफमधून पायथनचा कोड उचलला की ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा अनेकदा नाहीशा होतात, आणि पायथनमध्ये त्या जागांनाच अर्थ असतो. सरळ अवतरणचिन्हांची वळलेली चिन्हे झालेली असतात, ती वेगळीच. चांगली मासिके प्रत्येक लेखाचा कोड स्वतंत्रपणे उतरवून घेण्याची सोय ठेवतात. तशी सोय आहे का आणि तीन वर्षांपूर्वीच्या अंकाचा दुवा अजून उघडतो का, हे पाहून घ्यावे.

सातवी पायरी: पहिली वर्गणी एका वर्षाचीच भरावी

तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली की चाळीस टक्के सूट आणि वर एक बॅग, अशी योजना पाहून मी नोकरीच्या पहिल्या वर्षी पैसे भरले होते. बॅग आठवड्यात आली. मासिक चौदा महिन्यांनी बंद पडले. उरलेल्या पैशांविषयी पाठवलेल्या दोन पत्रांना उत्तर आले नाही आणि तिसरे ‘पत्ता सापडत नाही’ अशा शेऱ्यासह परत आले. बॅग मात्र पुष्कळ वर्षे टिकली, हे कबूल केले पाहिजे.

हा एकट्या माझ्या नशिबाचा भाग नव्हता, या क्षेत्रातली मोठमोठी नावे अशीच गेली आहेत. ‘बाइट’चा छापील अंक १९९८ साली थांबला. ‘डॉ. डॉब्ज’ची छपाई २००९ साली संपली आणि २०१४ च्या अखेरीस नवा मजकूरही बंद झाला. ‘लिनक्स जर्नल’ने २०११ साली कागद सोडून केवळ डिजिटल रूप घेतले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कामकाज थांबवले. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीचे ‘एमएसडीएन मॅगझीन’देखील नोव्हेंबर २०१९ च्या अंकानंतर निघाले नाही. तेव्हा सवलत कितीही मोहक असली, तरी पहिली वर्गणी एकाच वर्षाची असावी. ‘आजीव वर्गणी’ या प्रकारापासून तर चार हात दूर राहावे. त्यातले आयुष्य वाचकाचे की मासिकाचे, याचा खुलासा कोणी करत नाही.

किमतीचा हिशेब अंकावर न करता उपयोगी लेखावर करावा. समजा, वार्षिक वर्गणी २,४०० रुपये आहे आणि वर्षाला बारा अंक आहेत. तिसऱ्या पायरीतल्या खुणांवरून एका अंकात सरासरी तीन लेख कामाचे निघत असतील, तर वर्षाला ३६ लेख होतात आणि प्रत्येक लेख सुमारे ६७ रुपयांना पडतो. एकच लेख निघत असेल, तर तो २०० रुपयांना पडतो. मग त्याच पैशांत एखादे चांगले पुस्तक येते का, ते पाहावे.

पैसे कार्डाने किंवा यूपीआयने भरताना ‘आपोआप नूतनीकरण’ या चौकटीवर आधीच बरोबरची खूण केलेली नाही ना, ते तपासावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा आवर्ती कपातीची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला द्यावी लागते, आणि १५,००० रुपयांपेक्षा मोठ्या रकमेसाठी दर वेळी स्वतंत्र मंजुरी लागते. मासिकाची वर्गणी या रकमेच्या आतच असते, म्हणजे सूचनेचा तो संदेश दुर्लक्षित राहिला तर पैसे निमूटपणे जातात. संदेशातच कपात रद्द करण्याचा मार्ग दिलेला असतो. पहिल्याच दिवशी दिनदर्शिकेत नूतनीकरणाच्या पंधरा दिवस आधीची तारीख लिहून ठेवावी.

छापील अंकासाठी पत्ता भरताना इमारतीचे नाव, विंग, सदनिका क्रमांक, जवळची खूण, पिनकोड आणि चालू मोबाइल क्रमांक हे सगळे द्यावे. साध्या टपालाने येणारे अंक हरवतात, विशेषतः मोठ्या सोसायट्यांत, जिथे पोस्टमन सगळे टपाल वॉचमनच्या टेबलावर ठेवून जातो आणि चकचकीत मुखपृष्ठाचा अंक कोणाच्या तरी मुलाला आवडतो. थोडे जास्त पैसे भरून कुरिअर किंवा स्पीड पोस्टचा पर्याय मिळत असेल, तर तो घ्यावा. वेष्टनावरच्या चिठ्ठीवर वर्गणीदार क्रमांक आणि बहुधा शेवटच्या अंकाचा महिना छापलेला असतो. पहिल्या अंकाचे वेष्टन फेकण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा. अंक आला नाही तर त्याच महिन्यात कळवावे, तीन महिन्यांनी कळवल्यास जुनी प्रत शिल्लक नसते.

आठवी पायरी: वर्षभर खुणा कराव्यात

प्रत्येक अंक आल्यावर अनुक्रमणिकेवर त्याच पेन्सिलने दोन प्रकारच्या खुणा कराव्यात: वाचलेल्या लेखावर एक रेघ आणि करून पाहिलेल्या लेखावर दोन. अकराव्या महिन्यात सगळ्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी मांडल्या की नूतनीकरण करावे की नाही, हे वेगळे ठरवावे लागत नाही. दोन रेघांचे लेख दहा-बारा असतील तर पुढचे वर्ष निःशंकपणे भरावे. एका रेघेचे पुष्कळ आणि दोन रेघांचे जवळजवळ नाहीत, असे दिसले तर दोष मासिकाचाच असेल असे नाही. अशा वेळी एक वर्ष वर्गणी थांबवून जमलेले अंकच पुन्हा काढून करावेत. आणि तीन-चार अंकांची वेष्टनेही फोडलेली नसतील, तर नूतनीकरणाचा संदेश सरळ रद्द करावा.

वर्गणी थांबवली, तरी अंक रद्दीवाल्याला देऊ नयेत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा जवळच्या संगणकवर्गात ते आनंदाने ठेवून घेतात. देताना अनुक्रमणिकेवरच्या पेन्सिलच्या खुणा मात्र खोडू नयेत, कारण कोणता लेख खरोखर चालतो, हे पुढच्या वाचकाला त्यांवरून कळते.